कप्प्यातला तिसरा माणूस

दाजींच्या गाडीच्या डॅशबोर्डचा कप्पा मी पहिल्यांदा नीट रिकामा केला तो लातूरच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजात. आतून निघालं ते असं: तुळजापूरच्या कुंकवाची पुडी, नांदेडला गुरुद्वाऱ्यात डोक्याला बांधलेला केशरी रुमाल, बाम संपलेली बाटली, टोलच्या पावत्यांची एक गुंडाळी (एकीवरचंही अक्षर आता वाचता येत नव्हतं) आणि तळाशी एजंटाचं नाव छापलेला प्लॅस्टिकचा पाउच. इन्शुरन्सचा कागद त्यात होता. तो बाहेर ओढताना चर्र आवाज झाला. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मराठवाड्याचे दोन-तीन उन्हाळे काढले की छपाईची शाई प्लॅस्टिकला चिकटते. कागदावर पांढरे डाग राहतात आणि पाउचच्या आतल्या अंगाला अक्षरं उलटी उमटतात. पॉलिसी नंबरचे शेवटचे आकडे मी पाउच उजेडाकडे धरून वाचले. मुदत मात्र कागदावरच स्वच्छ दिसत होती. संपून दोन वर्षं झाली होती.

हा कागद सहा दिवसांपूर्वी भर रस्त्यावर खोटं बोलला होता आणि लोकांनी ते खरं मानलं होतं.

मार्गशीर्षातली माळेगावची यात्रा. खंडोबाचं दर्शन घेऊन, बाजारातले घोडे बघून दाजी संध्याकाळी लातूरकडे निघाले. अहमदपूरच्या अलीकडे एका पाटीजवळ (गावाच्या फाट्याला आमच्याकडे पाटी म्हणतात) शेतरस्त्यावरून दुधाच्या कॅनसकट एक मोटारसायकल हायवेवर चढली. चूक कोणाची यावर पाटीवर अजूनही दोन मतं आहेत. मोटारसायकलवाल्याचा पाय मांडीत मोडला. दाजींचं डोकं खांबाला आपटलं आणि ते दुसऱ्या दिवशीपर्यंत शुद्धीवर नव्हते. टपरीवरची माणसं धावली, कोणी १०८ ला फोन लावला. घरी कळवायचं म्हणून एकाने दाजींचा मोबाईल उचलला, तर तो लॉक. त्यांचा अंगठा धरून लावून पाहिला. अंगठ्याला रक्त होतं, फोन उघडेना. मग पत्ता सापडेल म्हणून कप्पा उघडला गेला. पाउच निघाला. कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने टॉर्चच्या उजेडात तारीख वाचली आणि म्हणाला, "इन्शुरन्स तर संपलाय की हो!"

हे वाक्य ॲम्ब्युलन्सच्या आधी दवाखान्यात पोचलं. त्या दूधवाल्याच्या भावाने ते ऐकलं, बायकोने ऐकलं, आणि पुढचे दोन दिवस त्या घराने गाडीला विमा नाही हेच धरून हिशोब केले. तिसऱ्या दिवशी भाऊ माझ्या बहिणीकडे आला. भांडायला नाही आला, हात जोडून म्हणाला, "ताई, आम्हाला केस नको. दवाखान्याचं काय ते बघा." ताई बोलणार काय? विमा कोणत्या कंपनीचा, चालू आहे की नाही, तिला काहीच माहीत नव्हतं. "त्यांनाच माहीत," एवढंच ती प्रत्येकाला सांगत होती. त्या दिवशी संध्याकाळी एजंटाने माझ्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकली. पॉलिसी चालू होती, अजून सात महिने शिल्लक होते. दाजींनी ती ऑनलाइन भरली होती आणि प्रिंट काढायची म्हणून राहून गेली होती. खरा कागद कुलूपबंद फोनात होता आणि खोटा कागद उघड्या कप्प्यात.

तोवर मला हा प्रश्न हसण्यासारखा वाटायचा. गाडीचे कागद कुठे ठेवावेत यात विचार करण्यासारखं काय आहे? कप्प्यात ठेवा, नाहीतर मोबाईलमध्ये. पण उत्तर देण्याआधी विचारायला हवं ते हे, की हा कागद वाचणार कोण. गाडी घेतल्या दिवसापासून आपण एकच वाचक डोळ्यासमोर धरतो: नाक्यावर हात करणारा पोलिस, किंवा आरटीओचं वायुवेग पथक. एमएच २४ असो की एमएच २६, कप्प्यातली सगळी मांडणी त्या एका माणसासाठी असते. माझं म्हणणं असं, की त्या माणसाला आता आपल्या कागदाची फारशी गरज उरलेली नाही. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी मात्र आपण तो कुठेच ठेवलेला नसतो.

पोलिसांचं आधी उरकून घेऊ. इन्शुरन्सच्या बाबतीत मोटार वाहन कायदा 'मागितल्यावर हजर करा' एवढंच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३९ वा नियम जुन्या रूपातही बराच समजूतदार होता. जवळ कागद नसेल तर साक्षांकित उतारा पंधरा दिवसांत आणून द्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा, अशी सोय त्यात होती. नाक्यावर ही सोय ज्याला कोणी सांगितली असा माणूस मला भेटलेला नाही, ते सोडा. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले कागद मूळ कागदांच्या बरोबरीचे माना. त्याच वर्षी नोव्हेंबरात १३९ वा नियमच बदलला आणि कागद प्रत्यक्ष दाखवा किंवा इलेक्ट्रॉनिक रूपात, दोन्ही चालतील असं त्यात आलं. विमा कंपन्यांची माहिती रोजच्या रोज 'वाहन' या सरकारी नोंदीत चढते, आणि तिथे विमा चालू दिसत असेल तर कागद मागायचं कारण नाही, हेही ऑगस्टच्या त्या पत्रात होतं. हा कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे देगलूर ओलांडून तेलंगणात शिरा किंवा उदगीरहून बिदरला जा, नियम तोच. पोलिसाच्या हातातल्या यंत्राला तुमचा नंबर पुरतो. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर ४,००० रुपये. हे ठरवायला त्याला तुमचा पाउच उघडावा लागत नाही.

तरीही आपण पाउच सोडत नाही, आणि त्यामागची वृत्ती मला समजते. मराठवाड्याच्या माणसाला कागदाची किंमत शिकवावी लागत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला निघाली तेव्हा ती निजामाच्या काळातल्या कागदांपर्यंत गेली, हैदराबादपर्यंत गेली. आजोबा-पणजोबांच्या नावापुढे कोणी काय लिहून ठेवलं यावर नातवाचा दाखला ठरतो, हे या भागातल्या घराघराने पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत घरं माणसांवर कोसळली. त्यानंतरच्या सरकारी याद्यांत आपलं नाव, आपलं घर आहे हे दाखवण्यासाठी लोकांना काय काय करावं लागलं, हे ज्यांनी पाहिलं ते ट्रंकेला कुलूप का लावतात ते मी विचारणार नाही. 'ओरिजिनल' हा शब्द आमच्याकडे देवाच्या नावासारखा घेतात. झेरॉक्सवर विश्वास नाही, मोबाईलवर तर नाहीच.

घोटाळा इथेच होतो. ट्रंकेत ठेवायची वस्तू आपण गाडीत ठेवतो आणि गाडीला ट्रंक समजतो. गाडी ही घरातली सर्वांत सहज चोरीला जाणारी, उन्हात तापणारी, कोणाच्याही हाती चावी देऊन टाकायची वस्तू. मूळ आरसी तिच्यात ठेवणं म्हणजे चोराला गाडीसोबत तिची ओळखही देणं. काही कप्प्यांत तर फॉर्म २९ आणि ३० मालकाच्या कोऱ्या सह्यांसकट पडलेले असतात, 'विकताना लागतील' म्हणून. त्यावर वेगळं काय बोलायचं?

बरं, इतकं जपूनही जो कागद आपण जपतो तो काय आहे हे आपल्याला ठाऊक असतं का? आपल्या बोलण्याकडे कान देऊन पाहा. आपण इन्शुरन्स 'भरतो'. "भरलास का रे इन्शुरन्स?" "भरला की मागच्याच महिन्यात." क्रियापद घरपट्टीचं आहे, वीजबिलाचं आहे. सरकारने लावलं म्हणून भरायचं, पावती ठेवायची, विचारलं तर दाखवायची. पीक विम्याचं मात्र तसं नाही. लातूर-नांदेडात नुसतं 'विमा' म्हटलं तर आधी सोयाबीनच डोळ्यापुढे येतं. पावतीवर गट नंबर बरोबर आहे का, मंडळात किती टक्के नुकसान धरलं, हे सगळं पाचवी शिकलेल्या शेतकऱ्यालाही तोंडपाठ असतं. हप्ता एक रुपया होता तेव्हाही होतं, २०२५ च्या खरिपात ती सवलत गेल्यावरही आहे. या पावतीचं त्याला कधी ओझं झालेलं नाही, कारण त्या विम्याचे पैसे त्याला मिळतात. गाडीच्या विम्याचे पैसे दुसऱ्याला मिळतात, म्हणून तो आपण भरतो आणि विसरतो.

हा दुसरा कोण, ते त्या विम्याच्या नावातच लिहिलंय. आरटीओ कार्यालयाबाहेरच्या टेबलावर एजंट विचारतो, "फर्स्ट पार्टी करू का थर्ड पार्टी?" आपल्याला वाटतं ही रेल्वेच्या वर्गांसारखी भानगड आहे, पहिला वर्ग महाग, तिसरा स्वस्त. 'फर्स्ट पार्टी' नावाची पॉलिसी खरं तर नसतेच, तो बाजाराने पाडलेला शब्द. करारातला पहिला पक्ष म्हणजे विमा घेणारा, दुसरा विमा देणारी कंपनी. तिसरा म्हणजे ज्याने या करारावर सही केलेली नाही, ज्याला हा करार झालेला माहीतही नाही, तो रस्त्यावरचा कोणीही. शाळेतून येणारी पोरगी, पाटीवर एसटीची वाट बघणारी म्हातारी, दुधाचे कॅन घेऊन निघालेला माणूस. कायद्याने सक्ती केलीय ती फक्त याच माणसासाठी. तुमची गाडी चेपली तर ती दुरुस्त होवो न होवो, सरकारला घेणंदेणं नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात ही सक्ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आमच्या आजोबांच्या पिढीला मोटार म्हणजे लग्नात दिसणारी चीज होती. आज त्याच रस्त्यांवर तुळजापूरहून नांदेडमार्गे वर्धा-बुटीबोरीपर्यंत जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि त्याच्या कडेला अजूनही तेच शेतरस्ते येऊन मिळतात.

त्या तिसऱ्या माणसाला काय मिळतं हे आकड्यांत पाहिल्याशिवाय कागदाचं वजन कळत नाही. अहमदपूरजवळचा तो दूधवाला वाचला, म्हणून हे गणित त्याचं नव्हे. पण त्याच्यासारखाच ३८ वर्षांचा, महिना १२,००० कमावणारा, घरात बायको, दोन मुलं आणि आई असलेला माणूस रस्त्यावर गेला असं धरा. वर्षाचे १,४४,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे कमाई वाढली असती यासाठी ४० टक्के जास्त: २,०१,६००. खाणारी तोंडं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १,५१,२००. ३६ ते ४० वयाला गुणक १५. एकूण २२,६८,०००, शिवाय अंत्यविधी आणि इतर बाबींचे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिलेली ही रीत आहे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं तिच्यावरच चालतात. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारसाठी थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता जून २०२२ पासून ३,४१६ रुपये अधिक जीएसटी ठरला. हा हप्ता भरलेला असेल तर ते बावीस लाख कंपनी देते. नसेल तर मालक देतो, आणि दिले नाहीत तर कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकारी ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करू शकतो. ज्याच्या नावावर आठ एकर आहेत त्याने हे वाक्य पुन्हा वाचावं.

यावर एक रास्त हरकत येते, आणि ती माझ्या वकील मित्राने घेतलीच. तो म्हणाला, "मग त्या तिसऱ्या माणसाला तरी तुझा कागद कामून लागतो? पोलिसांना नंबरवरून सगळं कळतंय ना?" कायद्यापुरतं त्याचं बरोबर आहे. १ एप्रिल २०२२ पासून तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. विम्याची माहिती शोधणं त्याचं काम, जखमीच्या भावाचं नव्हे. पण अपघाताचा पहिला तास कायद्याचा नसतो, तो पाटीवरच्या लोकांचा असतो. चालकाला मारायचं की पाणी द्यायचं हे त्या तासात ठरतं. जखमीला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, तिथे किती भरायचे, जनावर विकायचं का, पुढाऱ्याला मध्ये घालून पन्नास हजारांवर मिटवायचं का, हे पहिल्या दोन दिवसांत ठरून जातं. ४८ तासांचा अहवाल येईपर्यंत गरीब घराने निम्मे निर्णय घेतलेले असतात. विमा चालू असल्याचा एक वाचता येणारा कागद त्या तासात हाताला लागला तर ते घर मिटवामिटवीला घाई करत नाही. कायद्यालाही हे थोडंफार उमगलेलं दिसतं. अपघातानंतर चालकाने काय करावं हे सांगणाऱ्या कलम १३४ मध्ये १९९४ साली भर पडली, की त्याने विमा कंपनीलाही लेखी कळवावं: पॉलिसी नंबर, तिची मुदत, अपघाताची वेळ-जागा, जखमींची नावं. फक्त त्या कलमातला चालक शुद्धीवर आहे असं गृहीत धरलंय.

फ्रान्समध्ये हेच वेगळ्या वाटेने झालं. तिथे विम्याचा एक हिरवा चौकोनी तुकडा गाडीच्या पुढच्या काचेवर बाहेरून वाचता येईल असा लावावा लागे. १ एप्रिल २०२४ पासून तो बंद झाला, कारण पोलिस आता नंबरप्लेटवरून पाहतात. पण कंपन्या अजूनही ग्राहकाला विम्याच्या तपशिलाचा एक कागद देतात आणि तो गाडीत ठेवा म्हणून सांगतात. टक्कर झाली की तिथले दोन्ही चालक मिळून एक छापील फॉर्म भरतात, त्यात एकमेकांचा विमा लिहायचा असतो, त्यासाठी. पोलिसांची गरज संपली तरी समोरच्याची उरते, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे दोन्ही गरजा एकाच खाकी रंगात बुडाल्या आहेत. मोबाईलने पोलिसांची भागली, तेव्हा आपण प्रश्नच सुटला असं समजून बसलो.

मोबाईलला मी नावं ठेवत नाही. डिजिलॉकर हवंच, मूळ कागद घरी ठेवण्याची मुभा त्यानेच दिली. पण ते आधारवर चालतं, आणि आमच्याकडची गाडी वडिलांच्या नावावर असते, चालवतो पुतण्या, ॲप असतं पुण्याला नोकरीत असलेल्या पोराच्या फोनमध्ये. आरसीवर 'माधवराव' आणि आधारवर 'माधव' असलं तरी गाडी डिजिलॉकरमध्ये यायला कुरकुरते. व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, हेही कित्येकांना नाक्यावरच कळतं.

सेकंडहँड गाडीचा पाउच तर स्वतंत्र विषय आहे. पुण्याहून, हैदराबादहून आलेल्या गाड्या आमच्याकडे पाच-पाच वर्षं आधीच्या मालकाच्या नावावर फिरतात. कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जातं. बाकी पॉलिसी नावावर करून घ्यायला चौदा दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. कळवत कोणी नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं, की गाडी हातोहात कितीही विकली गेली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकात ज्याचं नाव आहे त्याची. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला नांदेडचा मास्तर आणि ती चालवणारा धर्माबादचा पोरगा एकाच पाउचला बांधलेले असतात, आणि एकाने दुसऱ्याला ओळखत नसल्याचं सांगून भागत नाही.

आणि तिसऱ्या माणसाच्या पलीकडे आणखी एक वाचक आहे, ज्याच्याबद्दल मला दाजींच्या अपघातापर्यंत काहीच सुचलं नव्हतं. पीडीएफ आल्यावर ताईला वाचून दाखवत होतो. 'मालक-चालक वैयक्तिक अपघात: १५ लाख' अशी एक ओळ आली. तिने विचारलं, "हे कशाचे?" सांगितलं, की मालक स्वतः लायसन घेऊन गाडी चालवत असताना गेला किंवा कायमचा अधू झाला, तर घरच्यांना मिळतात. २०१८ पासून ही रक्कम पंधरा लाख आहे. ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे परवा काही झालं असतं तर हे मला कोणी सांगितलं असतं का रे?"

कोणी सांगितलं असतं? गाडी पोलिस ठाण्याच्या आवारात उभी होती, कागद गाडीत, खरा कागद फोनात, फोनचा अंगठा अतिदक्षता विभागात. अशा चेपलेल्या गाड्या ठाण्यांच्या आवारात काटेरी झुडपांत वर्षानुवर्षं पडलेल्या आपण पाहतो. त्यांच्यातल्या किती कप्प्यांत पंधरा लाखांचा कागद शाई गमावत पडला असेल? त्या पैशांचा दावा ज्या बाईने करायचा तिला तो करता येतो हेच माहीत नसतं. आमच्याकडे गाडी पुरुषाची, कागद पुरुषाचे, आणि गाडीच्या कागदांचं बायकोशी बोलणं म्हणजे काहीतरी अशुभ, अशी एक समजूत आहे. तीच बायको सोन्याच्या पावत्या, मुलांचे दाखले, गॅसचं पुस्तक, सगळं बोट ठेवून काढून देते. माझ्या मते विम्याच्या कागदाची पहिली जागा तिच्याजवळची आहे, गाडी त्यानंतर. गाडीत यावी ती चालू वर्षाची, मोठ्या अक्षरातली एक प्रिंट. प्लॅस्टिकमध्ये नको, साध्या कागदी पाकिटात, आणि वर फक्त कंपनी, नंबर, मुदत आणि घरच्याचा फोन. मूळ आरसी ट्रंकेत. जुनी पॉलिसी नूतनीकरणाच्या दिवशीच फाडायची, कारण रिकाम्या कप्प्याने नुसती पंचाईत होते, जुन्या कागदाने लोक भलतीकडे जातात. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. दाजींनी दोन वर्षांत ती काढली नव्हती. खरं सांगायचं तर मीही काढली नव्हती. गॅरेजातून घरी आल्यावर माझ्या कप्प्यातून २०२१ ची पॉलिसी निघाली.

दाजी महिन्याभरात गाडी चालवायला लागले. दूधवाल्याच्या पायात रॉड आहे; दावा न्यायाधिकरणात आहे आणि त्याच्या भावाचा ताईला अधूनमधून फोन येतो, तारखेचं विचारायला. ताईने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर, दूध आणि गॅसच्या हिशोबाखाली, पॉलिसी नंबर आणि मुदत लिहून ठेवली. दाजी हसले, म्हणाले, "मोबाईलमधी हाय की सगळं." तिने ऐकलं नाही. या जानेवारीत नवं कालनिर्णय खिळ्याला लावताना तिने जुनं उलटं करून तो नंबर उतरवून घेतला, मुदत खोडून नवी लिहिली, आणि माझ्या भाच्याला हाक मारून विचारलं, "तुझ्या मोटारसायकलचा नंबर सांग रे, आणि कंपनी कोणती?" तो कप्पा हुडकायला खाली गेला.